बावीस मिनिटांची बाजू: एक फ्री जॅझ रेकॉर्ड पुन्हा काढताना

फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेली पट्टी-ताल सोडून मोकळेपणाने वाजवलेल्या जॅझच्या, जुन्या रेकॉर्ड्स पुन्हा काढायचं काम आम्ही तिघं मिळून करतो. लेबल अगदी छोटं आहे, वर्षाला फार तर दोन-तीन रेकॉर्ड्स निघतात, आणि बरेच जण विचारतात की तुम्ही नक्की करता काय, जुनी रेकॉर्ड घेतली, कॉम्प्युटरवर साफ केली, पुन्हा छापली, झालं ना? त्यांच्यासाठी एकदा नीट लिहायचं होतं, म्हणून एकाच रेकॉर्डची सगळी गोष्ट सांगते. तिचं नाव लिहीत नाहीये, कारण त्यात घरच्यांबद्दल आणि पैशांबद्दल बरंच काही येणार आहे आणि ते त्यांचं खाजगी आहे. एवढं कळलं तरी पुरे: न्यूयॉर्क, सत्तरच्या दशकाचा मधला काळ, लॉफ्टमध्ये, म्हणजे जुन्या गोदामांच्या वरच्या मजल्यांवर, वाजवणारी मंडळी, टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, डबल बास आणि ड्रम्स, दोन बाजूंना दोन लांबलचक पीसेस, आणि सॅक्सोफोनवाल्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून काढलेली रेकॉर्ड.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. या संगीतात स्वतःची रेकॉर्ड स्वतः काढणं हा हौसेचा भाग नव्हता. चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या वादकांनी १९५२ मध्ये डेब्यू नावाचं स्वतःचं लेबल काढलं, सन रा आणि त्याचे साथीदार पन्नाशीच्या दशकापासून सॅटर्नच्या रेकॉर्ड्स स्वतः काढत होते आणि कितीतरी कव्हरं हाताने रंगवत होते, १९६४ मध्ये बिल डिक्सनने जॅझ कंपोझर्स गिल्ड ही वादकांची संघटना उभी केली, १९७१ मध्ये चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली काउएल यांनी स्ट्राटा-ईस्ट हे लेबल काढलं आणि तिथे तर व्यवस्थाच अशी होती की रेकॉर्डिंगचा खर्च वादकाचा आणि मास्टरची, म्हणजे मूळ टेपची, मालकीही वादकाचीच. सॅम रिव्हर्स आणि त्याची बायको बिअट्रिस यांचा स्टुडिओ रिव्हबी, रशीद अलीचं अलीज अ‍ॅली, या लॉफ्टमधल्या मैफलींच्या जागा, ही सगळी याच विचाराची घरं. क्लबवाले बोलवत नाहीत, मोठी लेबलं दार उघडत नाहीत, तर जागा आपली, रेकॉर्ड आपली, हक्क आपला. आता अशा माणसाची रेकॉर्ड तो गेल्यावर कोणीतरी न विचारता छापून विकायची म्हणजे त्याने जे वाचवण्यासाठी सगळी धडपड केली नेमकं तेच काढून घेणं. म्हणून आमच्याकडे पहिलं काम टेप शोधणं हे नसतं, माणसं शोधणं हे असतं.

आणि माणसं सापडायला वेळ लागतो. कव्हरवर चार नावं आणि एक पोस्ट बॉक्स नंबर, बाकी काही नाही. सॅक्सोफोनवाला जाऊन बरीच वर्षं झालेली, ड्रमर त्याच्याही आधी गेलेला, ट्रॉम्बोनवाल्याचा पत्ता लागता लागेना. सापडला तो बास वाजवणारा, कारण तो अजून वाजवतो. त्याला मी लांबलचक मेल लिहिला होता, आम्ही कोण, आधी काय काय काढलंय, पैशाचं कसं करतो, सगळं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: आधी त्याच्या बायकोशी बोला, ती हो म्हणाली तर मग माझ्याशी बोला. मला ते इतकं आवडलं की पुढचं सगळं काम आम्ही त्याच क्रमाने केलं.

सॅक्सोफोनवाल्याच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, वय बरंच, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच फोनवर त्यांनी सरळ विचारलं की ही रेकॉर्ड परदेशात कोणीतरी आधीच छापलीय असं माझ्या नातवाने दाखवलं, ते तुम्हीच का? ते आम्ही नव्हतो हे पटवून द्यायलाच तो सगळा फोन गेला. त्या बेकायदा प्रतीचा आवाज एमपीथ्रीवरून घेतलाय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कव्हर धूसर आहे, ट्रॉम्बोनवाल्याचं नाव चुकलंय, आणि घरी एक पैसासुद्धा आलेला नाही. बाईंचा राग पैशावर नव्हता. "त्याने रात्री बसून एकेक नाव तपासलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि यांनी तेच चुकवलं."

कायद्याचं थोडं सांगते, कारण इथे लोक सर्रास गोंधळतात. अमेरिकेत साउंड रेकॉर्डिंगला फेडरल कॉपीराइट मिळायला लागला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून. त्याच्या आधीची रेकॉर्डिंग्ज कितीतरी वर्षं राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांवर लटकत होती, २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने त्यांना एका छताखाली आणलं आणि १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या रेकॉर्डिंग्जना २०६७ पर्यंत संरक्षण दिलं. युरोपात वेगळंच. तिथे रेकॉर्डिंगच्या संरक्षणाची मुदत ५० वर्षांची ७० केली, पण १९६३ च्या आधी प्रकाशित झालेलं जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं, म्हणून १९६१-६२ पर्यंतच्या जॅझच्या ढीगभर स्वस्त युरोपियन प्रती दिसतात. आमची रेकॉर्ड १९७२ नंतरची, म्हणजे तिला फेडरल कायदा लागू, पण त्या काळात संरक्षणासाठी रेकॉर्डवर गोलातलं पी, वर्ष आणि मालकाचं नाव छापावं लागायचं. घरी बसून रेकॉर्ड काढणाऱ्या वादकांना हे कोण सांगणार? कितीतरी खाजगी प्रेसिंग्जवर ते चिन्हच नाही. आमच्या रेकॉर्डवरही नव्हतं. एका जाणकाराने सल्ला दिला की मग ध्वनिमुद्रणाचा हक्क अमेरिकेत राहिलेलाच नाही, कशाला लायसन्सच्या भानगडीत पडता.

या सल्ल्याला दोन उत्तरं आहेत. एक कायद्याचं: रेकॉर्ड निघाली म्हणजे त्यातली रचना (ध्वनिमुद्रण नव्हे, मूळ संगीत) प्रकाशित झाली असं १९७८ च्या आधीच्या रेकॉर्ड्सबाबत अमेरिकन कायदा मानत नाही, त्यामुळे रचनेचा हक्क शाबूत असतो. आणि दुसरं उत्तर मी वर दिलंच आहे. ज्या माणसाने हक्क आपल्याकडे राहावा म्हणून हे सगळं केलं, त्याच्या कव्हरवर एक चिन्ह छापायचं राहिलं म्हणून तो हक्क आपण उचलायचा? आम्ही लायसन्स केलं. ठराविक वर्षांचं, ठराविक प्रतींचं, मुदत संपली की सगळं परत घरच्यांकडे, टेपच्या डिजिटल फाइल्स पहिल्या दिवसापासून त्यांच्या, खर्च निघाल्यावर नफा निम्मा-निम्मा, आणि खर्चाचं प्रत्येक बिल त्यांना दिसणार. ड्रमरची मुलगी मिळाली, शेवटी ट्रॉम्बोनवालाही मिळाला, दुसऱ्या शहरात मुलांना शिकवत होता, त्याला तर आपली ही रेकॉर्ड कोणाला आठवत असेल यावर विश्वासच बसेना.

रचनेच्या पैशाचं गणित या संगीतात वेगळं पडतं, ते लिहूनच ठेवते. अमेरिकेत रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकाराला मेकॅनिकल रॉयल्टी द्यावी लागते. २००६ ते २०२२ हा दर गाण्यामागे ९.१ सेंट होता, २०२३ पासून १२ सेंट झाला आणि त्यानंतर महागाईप्रमाणे दरवर्षी वाढतो. पण हा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याचा. त्याच्या वरचं असेल तर मिनिटावर मोजायचं, २०२३ मध्ये मिनिटाला २.३१ सेंट. आमची रेकॉर्ड म्हणजे बावीस-बावीस मिनिटांचे दोन पीसेस. ‘दोन गाणी’ म्हणून मोजलं तर प्रतीमागे २४ सेंट, मिनिटांवर मोजलं तर एक डॉलरपेक्षा थोडं जास्त. चौपट फरक! आणि हा मिनिटाचा नियम माहीत नसलेली किंवा माहीत असून गप्प बसणारी लेबलं आहेत. लांब पीसेस वाजवणाऱ्या वादकांच्या घरी कधी रॉयल्टी स्टेटमेंट आलंच तर त्यात आधी हेच बघावं.

त्यात बासवाल्याने एक गोष्ट काढली. कव्हरवर दोन्ही पीसेस सॅक्सोफोनवाल्याच्या नावावर आहेत, पण दुसऱ्या बाजूचा पीस लिहिलेला नव्हताच, त्या रात्री चौघांनी शून्यातून उभा केला होता. तो तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, आठवण म्हणून सांगत होता. आम्ही बाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, चौघांची नावं घाला, तो असता तर त्यानेच घातली असती, तेव्हा त्याला वाटलं असणार की फॉर्मवर एकच नाव लागतं. तर नव्या आवृत्तीत दुसऱ्या बाजूची रचना चौघांची आहे आणि पैसेही चार ठिकाणी जातात. सामूहिक इम्प्रोव्हायझेशनचं श्रेय कोणाचं हा प्रश्न या संगीतात जागोजागी आहे, आणि तो सोडवायला वाजवणारी माणसं हयात असेपर्यंतच वेळ आहे.

आता टेप. बाईंच्या कपाटात दोन रीळं होती, एकेका बाजूचं एकेक. ती घरी कुठल्याही मशीनवर लावून बघू नका हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि कोणाच्याही घरी जुनी टेप असेल तर त्यांनाही तेच सांगते. पहिलं रीळ अ‍ॅम्पेक्स ४०६. त्या काळातल्या या टेप्समधला गोंद हवेतली ओल शोषून घेतो आणि चिकट होतो, मशीनवर लावली की किंचाळते आणि तिचा तपकिरी थर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज, हेडवर, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागावर, खरवडून निघतो. उपाय असा की टेप ५४ अंशांच्या आसपास मंद उष्णतेत आठ तास किंवा जास्त ठेवायची, त्याला बेकिंगच म्हणतात, मग ती काही आठवडे नीट वाजते, तेवढ्यात ट्रान्सफर उरकायचा. दुसरं रीळ मात्र वेगळं निघालं. इंजिनियरने ते दिव्यासमोर धरलं तर टेपच्या थरातून उजेड आरपार दिसला, म्हणजे अ‍ॅसिटेट, कोणाकडून तरी मिळालेली जुनी टेप. अ‍ॅसिटेट चुकूनही बेक करायची नसते, ती आणखी वाळते, आक्रसते. तिचं दुखणं वेगळं, ती कडकडीत होते आणि जोड सुटतात. त्यातल्या त्यात बरं एवढंच की तुटली तर सरळ तुटते, ताणली जात नाही, त्यामुळे पुन्हा जोडता येते. एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंना दोन अगदी उलट उपचार. दोन्ही रीळं सारखीच समजून भट्टीत घातली असती तर दुसरी बाजू कायमची गेली असती.

पहिल्या रिळाला सुरुवातीला टेस्ट टोन नव्हते. मोठ्या स्टुडिओत टेपच्या सुरुवातीला ठरलेले टोन रेकॉर्ड करतात, त्यावरून वाजवणारं मशीन जुळवून घेता येतं. लॉफ्टमध्ये कोण टोन घालणार. मग हेडचा कोन कानाने जुळवायचा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये सिंबल (ड्रम्सची पितळी थाळी) ऐकायची आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचं, एका क्षणी सिंबल एकदम उघडते, तिथे थांबायचं. हे मी शेजारी बसून ऐकलंय. त्या एका क्षणाआधी ड्रमर लांब कुठेतरी वाजवत होता आणि नंतर खोलीत आला.

दुसऱ्या बाजूचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं होतं, आणि मला या कामातलं सगळ्यात जास्त आवडणारंही तेच. मूळ रेकॉर्डवर ही बाजू मला नेहमी जरा घाईची, ताणलेली वाटायची, सॅक्सोफोनचा आवाज थोडा बारीक. साध्या जॅझमध्ये वेग चुकलाय का हे कळतं, कारण गाण्याची पट्टी माहीत असते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू कितीतरी वर्षं वेगात चालत होती, नव्वदच्या दशकात ती दुरुस्त झाली. पण इथे पट्टीच नाही, ताल नाही, चौघं शून्यातून वाजवतायत, तपासायचं कशावरून? तर विजेवरून. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि तिची गुणगुण टेपवर कुठे ना कुठे उतरतेच. त्या रात्री बासच्या अ‍ॅम्पमधून बारीक हम येत होता, मधे सगळे थांबतात तिथे तो उघडा ऐकू येतो. इंजिनियरने तो मोजला तर ६१.४ हर्ट्झ भरला. म्हणजे रेकॉर्ड करणारं मशीन त्या रात्री हळू चालत होतं आणि म्हणून आपण आज बरोबर वेगात वाजवलं की सगळं दोन टक्क्यांहून जास्त वेगात येतं. स्वरात बघितलं तर जवळपास अर्ध्या सेमीटोनचा, म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मा, फरक, आणि वेळेत बघितलं तर पूर्ण बाजूवर जवळपास अर्धं मिनिट.

आता प्रश्न असा की दुरुस्त करायचं का? ज्या थोड्या लोकांकडे मूळ रेकॉर्ड आहे त्यांनी ती पन्नासेक वर्षं त्याच वेगात ऐकलीय. वादकाने स्वतः ती तशी छापू दिली. ‘मूळ जसं होतं तसं’ म्हणजे टेपवरचं, रेकॉर्डवरचं की खोलीतलं? आमच्या तिघांत यावर चांगलंच वाजलं. शेवटी दोन्ही फाइल्स बासवाल्याला पाठवल्या, कुठली कोणती हे न सांगता. त्याने बास काढला, उघड्या तारा छेडत दोन्हींबरोबर वाजवून बघितलं, आणि फोनवरच म्हणाला की दुसरी, दुसऱ्या फाइलमध्ये माझी ए तार माझ्या ए तारेसारखी आहे, पहिल्यात मी दुसराच कोणीतरी आहे. दुसरी फाइल दुरुस्त केलेली होती. मग वाद संपला. त्या दुरुस्त वेगात सॅक्सोफोन खाली उतरला, जाड झाला, आणि बाईंनी ऐकून पहिल्यांदा म्हटलं की हा त्याचा आवाज आहे.

या बाजूच्या टेपचा शेवटचा तुकडा खराब होता, शेवटची काही मिनिटं वाचवण्यासारखी नव्हती. तेवढा भाग मूळ रेकॉर्डवरून घ्यावा लागला. चांगल्या अवस्थेतली प्रत मिळवायची, पाणी लावून साफ करणाऱ्या मशीनने धुवायची, ट्रान्सफर करायचा, त्याचाही वेग तेवढाच खाली आणायचा, इथवर ठीक. खरी अडचण खरखरीची. कडकड काढायचं सॉफ्टवेअर आवाजातल्या अचानक उभ्या राहणाऱ्या बारीक टोकांना कचरा समजतं, आणि फ्री जॅझमधला सॅक्सोफोन म्हणजे अशी टोकंच टोकं, जिभेचे फटके, ओव्हरब्लोइंग (जोरात फुंकून सूर फोडणं), रीड फाटल्यासारखा सूर. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, काय काढून टाकतोय तेवढंच ऐकायची. ती लावली आणि ऐकलं तर कडकडीबरोबर स्पष्ट सॅक्सोफोन ऐकू येत होता, त्याचा एकेक फटका कचऱ्याच्या बादलीत जात होता. मग ऑटोमॅटिक सगळं बंद केलं आणि एकेक क्लिक डोळ्याने बघून, कानाने ऐकून हाताने काढली. जिथे क्लिक आणि सूर एकमेकांत गुंतलेत तिथे क्लिक ठेवली. कोणी म्हणेल शेवटी थोडी खरखर आहे, हो, आहे, आणि ती कुठून आली हे कव्हरवर छापलंय.

टेपच्या हिसबद्दलही, म्हणजे मागे सतत येणाऱ्या बारीक सूं आवाजाबद्दलही, आमचं मत पक्कं आहे. हिस काढायला गेलं की त्याबरोबर सिंबलचा शेवटचा झंकार जातो, वादकाचा श्वास जातो, खोली जाते. आम्ही हिसला हात लावत नाही. या रेकॉर्डमध्ये पहिल्या बाजूला ट्रॉम्बोनवाला सूर लावण्याआधी श्वास घेतो तो ऐकू येतो, आणि त्या श्वासावर ड्रमर ब्रश टेकवतो. ते गेलं तर मग काय पुन्हा काढलं आपण?

पहिल्या बाजूला आणखी एक निर्णय होता. रेकॉर्डवर हा पीस हळूहळू विझत जातो, फेड-आउट, पण टेपवर तो पुढे चालू आहे, आणि पुढचं वाजवणं जबरदस्त आहे, ट्रॉम्बोन आणि बास दोघंच कितीतरी वेळ. मोह होणारच, ‘पहिल्यांदाच संपूर्ण’ असं कव्हरवर लिहिता येतं, विक्रीलाही बरं. या संगीताला बाजूच्या लांबीने नेहमीच छळलंय, ऑर्नेट कोलमनचा १९६० मध्ये रेकॉर्ड झालेला ‘फ्री जॅझ’ सदतीस मिनिटांचा सलग पीस, तो दोन बाजूंना तोडूनच छापावा लागला, सीडी आल्यावर सलग ऐकायला मिळाला. तिथे तोडणं ही लाचारी होती हे उघड आहे. पण आमच्या टेपच्या खोक्यावर सॅक्सोफोनवाल्याच्या हाताने फेड कुठे सुरू करायचा, कुठे संपवायचा, मिनिटं-सेकंदांसकट लिहिलेलं होतं, आणि जागेची अडचण म्हणावी तर बाजूवर आणखी थोडी जागा होती. त्याने ऐकून, ठरवून तिथे थांबवलं होतं. ईएसपी-डिस्क हे लेबलवाले आपल्या कव्हरांवर छापायचे की काय ऐकवायचं हे फक्त कलाकार ठरवतो. त्याच्या निर्णयाला बगल द्यायचा अधिकार आम्हाला नाही असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं. बाई आणि बासवाला यांच्याशी बोलून असं ठरलं: रेकॉर्डवर फेड जसाच्या तसा, आणि उरलेला भाग फक्त डाउनलोडमध्ये, वेगळा ट्रॅक म्हणून, वेगळ्या नावाने, मूळ पीसला न जोडता.

कव्हरचं काम सोपं गेलं कारण बाईंकडे मूळ रेखाचित्र होतं. छापील कव्हर स्कॅन केलं की छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते आणि मग ती घालवता घालवता चित्र मऊ पडतं. मूळ कागद मिळणं म्हणजे दुधात साखर.

कटिंगला, म्हणजे छपाईसाठी मूळ चकतीवर खाच कापताना, एक जुना अडथळा आडवा आला. घरगुती रेकॉर्डिंग, दोनच माइक, त्यामुळे बास जवळजवळ पूर्ण डावीकडे. खालचे सूर एकाच बाजूला असले की खाचेत सुई वरखाली उडते. नेहमीचा उपाय म्हणजे खालचे सूर मधोमध आणायचे. कटिंग इंजिनियर बराच वरपर्यंत आणायचं म्हणत होता, सुरक्षित म्हणून, पण मग बासवाला खोलीत उठून दुसरीकडे जाऊन बसल्यासारखा वाटायचा. अगदी खालचे तेवढेच मधे आणायचे आणि त्याऐवजी एकूण पातळी थोडी कमी ठेवायची असं ठरलं. बाजू बावीस मिनिटांची असली की तशीही पातळी फार चढवता येत नाही, साधारण वीस मिनिटांच्या पुढे प्रत्येक मिनिट आवाजातून कापलं जातं, आणि शेवटी आतल्या खाचांमध्ये तीव्र सूर फाटतात. आमचा पीस नेमका शेवटाकडे चढत जाणारा. म्हणून रेकॉर्ड थोडी हळू आवाजात आहे, व्हॉल्यूम वाढवून ऐका, ते मुद्दाम आहे. ही खाच ज्यावर कापतात ती चकती, म्हणजे लॅकर, मिळायलाही थांबावं लागलं, फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगमधला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला तेव्हापासून लॅकर बनवणारे जगात मोजकेच उरलेत आणि मोठ्या लेबलांच्या ऑर्डरी आधी लागतात.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासण्यासाठी छापलेल्या पहिल्या प्रती, आली की आम्ही तिघं वेगवेगळ्या टर्नटेबलवर, वेगवेगळ्या खोलीत ऐकतो आणि वेळ लिहून ठेवतो, मग याद्या जुळवतो. तिघांनाही एकाच जागी खटका ऐकू आला तर तो स्टॅम्परमधला, म्हणजे छपाईच्या साच्यातला, एकालाच आला तर त्या प्रतीतला. भोक मध्यापासून जरा जरी सरकलं असेल तर बासवर गजाने लांब ओढलेला सूर लगेच डुलतो, गाण्यात कदाचित लपून जाईल, इथे नाही लपत. पहिली टेस्ट परत पाठवली, दुसरी पास केली. पाचशे प्रती छापल्या.

पाचशेतल्या ठरलेल्या प्रती चारही घरांना गेल्या, फुकट, आणि त्या विकायला त्यांना पूर्ण मोकळीक. बासवाला आता मैफलीनंतर टेबलवर स्वतः विकतो, त्यातला पैसा त्याचा, आमचा त्याच्याशी संबंध नाही. डिस्ट्रिब्युटरकडे गेलेल्या प्रतींवर आम्हाला फार थोडं सुटतं, थेट विकलेल्यांवरच काय ते निघतं, त्यामुळे खर्च वसूल व्हायला वेळ लागला. मेकॅनिकल रॉयल्टी मात्र नफ्याची वाट न बघता पहिल्या हिशेबापासून दिली, ती खर्चात धरलेलीच असते, नफा झाला तर देऊ असली ती गोष्ट नाही. ड्रमरच्या मुलीने स्टेटमेंट बघून फोन केला आणि विचारलं की दुसऱ्या बाजूच्या पुढे बाबांचं नाव रचनाकार म्हणून कसं काय आहे, ते तर फक्त ड्रम्स वाजवायचे. मी तिला बासवाल्याचा नंबर दिला, म्हटलं त्या रात्रीचं त्यांच्याकडूनच ऐका.

आता प्रती संपत आल्यात आणि दुसऱ्यांदा छापायचं ठरतंय. कारखान्यात मदर, म्हणजे स्टॅम्पर ज्यावरून काढतात त्या चकत्या, जपून ठेवलेल्या आहेत, त्यावरून नवे स्टॅम्पर निघतील, त्यामुळे पुन्हा कटिंग करावं लागणार नाही. रचनेचा दर या वर्षीचा नवा लागेल. लायसन्समधल्या प्रतींचा आकडा मात्र वाढवून घ्यावा लागेल, म्हणून कागद आधी बाईंकडे गेलाय, मग बासवाल्याकडे, मग उरलेल्या दोन घरी. सह्या आल्या की ऑर्डर देणार.